मात, बाजी, सरशी, सवाई : पुढे जाण्याचे मराठी शब्द कसे वापरावेत

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेली बरीच मंडळी हळूहळू मराठी बोलू लागतात. इंग्रजी माध्यमात शिकलेली इथली मुलं तर घरी मराठीच बोलतात. अडतं ते लिहिताना. सोसायटीच्या स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त, गणेश मंडळाच्या स्पर्धांचा निकाल, कॉलेजच्या अंकातली बातमी, बढती मिळालेल्या सहकाऱ्याला अभिनंदनाचा निरोप. या सगळ्यांत कोणीतरी कोणापेक्षा तरी चांगलं केलेलं असतं, आणि ते सांगायला हाताशी एकच क्रियापद असतं : 'हरवलं'. नाहीतर मग 'बीट केलं'.

मराठीत या एका गोष्टीसाठी भरपूर शब्द आहेत, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रांगोळी स्पर्धेत पहिल्या आलेल्या काकूंनी दुसऱ्या काकूंना 'धूळ चारली' असं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, तर दुसऱ्या काकू दुखावतील आणि पहिल्या अवघडतील. शब्द मराठीच आहे, चुकली आहे ती जागा. ती जागा ओळखायला शिकवणं एवढाच या लेखाचा हेतू आहे. मराठी वाचता येतं पण लिहायला नुकतीच सुरुवात केली आहे, अशांसाठी तो आहे. पायऱ्या क्रमाने घ्या, कारण पहिली नीट कळली की पुढच्या आपोआप सोप्या होतात.

पहिली पायरी : मागे राहिलेल्याचं काय झालं ते ठरवा

शब्दकोश हे शब्द जिंकणाऱ्याच्या बाजूने समजावतो. तुम्ही मात्र शब्द निवडताना दुसऱ्याकडे बघा. जो जिंकला नाही त्याचं नेमकं काय झालं?

तो पार आडवा झाला असेल, तर लोळवणे, चीत करणे, धूळ चारणे, पाणी पाजणे, धुव्वा उडवणे हे शब्द आहेत. तो झुंजला आणि मग हरला असेल, तर मात करणे, नमवणे, हरवणे. तो पडला नाही, हरलाही नाही, फक्त मागे राहिला असेल, तर मागे टाकणे, आघाडी घेणे, पुढे जाणे. आणि तो जागच्या जागी चांगलाच आहे, पण शेजारचा त्याच्याहून चांगला निघाला असेल, तर सरस ठरणे, उजवा ठरणे, भाव खाऊन जाणे.

एक उदाहरण घेऊ. एकाच मैफलीत दोन गायिका गायल्या आणि दुसरीचं गाणं जास्त रंगलं. 'दुसरीने पहिलीवर मात केली' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, दोघींची जुगलबंदी होती आणि त्यात पहिली हरली. तसं काही झालेलंच नाही. 'दुसरीचं गाणं अधिक सरस झालं' हे बरोबर. गप्पांत 'दुसरी भाव खाऊन गेली' हेही बरोबर. 'दुसरीने मैफल जिंकली' हे तर फारच छान, कारण त्यात जिंकणं आहे, पण जिंकली ती मैफल. पहिल्या गायिकेच्या अंगाला धक्का लागलेला नाही.

हा फरक पाळला तर तुमचं मराठी लगेच मुरलेलं वाटू लागतं. जिंकलेल्याचं कौतुक कोणत्याही शब्दाने होतं. न जिंकलेल्याला त्याची जागा नीट देणं हे शब्द निवडणाऱ्याचं काम आहे, आणि मराठीने त्यासाठी वेगवेगळे शब्द तयार ठेवले आहेत.

दुसरी पायरी : शब्दाबरोबर त्याचा प्रत्यय पाठ करा

इथे फार वेळ लागत नाही, पण चूक झाली की लगेच दिसते. मात नेहमी कोणा'वर' करतात : 'पुण्याने नाशिकवर मात केली'. 'नाशिकला मात दिली' हा हिंदीचा थाट आहे. टीव्हीवरच्या बातम्यांत तो सर्रास ऐकू येतो, तरी लिहिताना टाळावा. मागे टाकतात ते कोणा'ला'. सरस ठरतात ते कोणा'पेक्षा', किंवा जरा ठेवणीतल्या भाषेत कोणा'हून'. शह कोणा'ला' देतात, कुरघोडी कोणा'वर' करतात. वरचढ ठरताना 'ला' आणि 'पेक्षा' दोन्ही चालतात : 'ती त्याला वरचढ ठरली', 'ती त्याच्यापेक्षा वरचढ आहे'. सरशी मात्र कोणी करत नाही, ती कोणाची तरी होते : 'अखेर पुण्याची सरशी झाली'. आणि बाजी मारताना समोरच्याचं नाव घ्यावंच लागत नाही : 'शेवटच्या फेरीत तिने बाजी मारली', एवढ्यावर वाक्य पूर्ण होतं.

हिंदीतून येणारा आणखी एक शब्द 'पछाडणे'. हिंदीत त्याचा अर्थ चीत करणे, पण मराठी कानाला पछाडतं ते भूत. 'भारताने इंग्लंडला पछाडले' असा मथळा अधूनमधून छापून येतो. तुम्ही तो उचलू नका. तसंच 'बढत घेतली'ऐवजी 'आघाडी घेतली', 'हावी झाला'ऐवजी 'वरचढ झाला'.

लेखनातली एक गोष्ट. अनेकांमध्ये पुढे असणाऱ्याबद्दल लिहिताना 'सर्वांत', 'सगळ्यांत' यांतला अनुस्वार विसरू नका. 'वर्गात ती सगळ्यांत हुशार' म्हणजे सगळ्या मुलामुलींमध्ये हुशार. अनेकवचन आहे, म्हणून टिंब.

तिसरी पायरी : तालीम, पट आणि मैदान

यातले पुष्कळ शब्द खेळांतून आले आहेत. ते कुठल्या खेळातून आले हे कळलं की कुठे वापरायचे तेही कळतं, म्हणून इथे जरा थांबूया.

कुस्तीपासून सुरुवात करू. पुण्याच्या पेठांमध्ये अजून तालमी आहेत, शुक्रवार पेठेतली चिंचेची तालीम त्यांतली नावाजलेली. कुस्ती निकाली होते ती समोरच्याची पाठ लागली की. पाठ जमिनीला टेकली की डोळे वर आभाळाकडे जातात, म्हणून 'आस्मान दाखवणे'. उताणा पाडणे म्हणजे 'चीत करणे', आणि कुस्ती अशी निकालात निघाली की 'चीतपट'. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा होते आणि विजेत्याच्या खांद्यावर मानाची गदा येते. जानेवारी २०२३ मध्ये ही स्पर्धा पुण्यात, कोथरूडला झाली. अंतिम लढतीत शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला चीतपट केलं. इथे चीतपट हा शब्द अगदी शब्दशः खरा आहे. तीच लढत गुणांवर सुटली असती, तर 'गुणांच्या जोरावर मात केली' असं लिहावं लागलं असतं. कुस्तीची बातमी लिहिणारे हा फरक कसोशीने पाळतात.

कुस्तीबाहेर हे शब्द वापरताना सामना खरोखर तितका एकतर्फी होता का, हे स्वतःला विचारा. निवडणुकीत मोठ्या फरकाने पडलेल्या उमेदवाराला 'आस्मान दाखवलं' म्हणता येईल. थोडक्या मतांनी हरलेल्याला म्हणता येणार नाही. तिथे 'निसटता पराभव' हा शब्द आहे.

दुसरा खेळ बुद्धिबळ. शह आणि मात हे दोन्ही शब्द फारसीतून आपल्याकडे आले, आणि नवे लिहिणारे त्यांची हमखास गल्लत करतात. शह म्हणजे राजावर आलेला हल्ला. त्यातून राजा सुटू शकतो. मात म्हणजे सुटायला घर उरलं नाही, डाव संपला. म्हणून राजकारणाच्या बातमीत 'शह दिला' याचा अर्थ अडचणीत आणलं, एवढाच होतो. त्यावर समोरचा 'काटशह' देतो आणि खेळ पुढे चालू राहतो. 'मात केली' म्हटलं की विषय संपला.

२०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमी इथे महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम फेरी नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी या दोन भारतीयांमध्ये झाली. पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि टायब्रेकमध्ये दिव्याने हंपीवर मात केली. इथे 'मात' दोन्ही अर्थांनी नेमका बसतो. ही लढत अटीतटीची होती, चुरशीची होती, दोघी तुल्यबळ होत्या. अशा लढतीबद्दल 'हंपीला लोळवलं' लिहिणं म्हणजे हंपीवर अन्याय, आणि खरं पाहता दिव्यावरही, कारण समोरची जितकी मोठी तितका विजय मोठा.

'मात' हा या सगळ्यांतला सर्वांत उपयोगी शब्द आहे असं माझं मत आहे. त्यात समोरच्याचा मान राहतो. शिवाय समोर माणूसच असावा लागतो असंही नाही. आजारावर मात करता येते, भीतीवर करता येते. सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या हजारो मुलामुलींच्या यशाची बातमी 'प्रतिकूल परिस्थितीवर मात करून' या शब्दांनी सुरू होते. तिथे 'परिस्थितीला धूळ चारून' असं म्हणून बघा, कानाला लगेच खटकेल.

तिसरं मैदान क्रिकेटचं. आपल्या गहुंज्याच्या मैदानावरचे तीन कसोटी सामने घेतले तर शब्दांची पूर्ण रांग लागते. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाने इथे भारताला ३३३ धावांनी हरवलं. भारताचे डाव १०५ आणि १०७ वर आटोपले, स्टीव्ह ओकीफने सामन्यात १२ बळी घेतले. याला 'धुव्वा उडवला' म्हणतात आणि इथे त्यात जराही अतिशयोक्ती नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये विराट कोहलीच्या नाबाद २५४ धावांच्या जोरावर भारताने दक्षिण आफ्रिकेवर 'एक डाव आणि १३७ धावांनी' विजय मिळवला. दुसऱ्यांदा फलंदाजी करण्याची गरजच पडली नाही, म्हणून याला 'डावाने विजय' म्हणतात. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडने भारतावर ११३ धावांनी मात करून भारतातली आपली पहिली कसोटी मालिका जिंकली. मिचेल सँटनरने १३ बळी घेतले. हा विजय मोठाच, पण दुसऱ्या डावात भारताने २४५ धावांपर्यंत लढत दिली होती. म्हणून इथे धुव्वा नाही, मात.

क्रिकेटच्या मराठीत एक फार सुंदर प्रयोग आहे : 'पाच गडी राखून विजय'. लक्ष्य गाठलं तेव्हा हातात किती शिल्लक होतं, ते 'राखून' हा एकच शब्द सांगतो. क्रिकेटबाहेरही तो वापरता येतो. 'दोन दिवस राखून काम संपवलं' हे ऑफिसच्या निरोपात लिहून बघा.

बाजीबद्दल थोडं. बाजी म्हणजे खेळ, डाव. हाही फारसी शब्द. दहावी-बारावीचे निकाल पुण्यातून, राज्य मंडळाच्या मुख्यालयातून जाहीर होतात आणि दुसऱ्या दिवशी मथळे ठरलेले असतात : 'यंदाही मुलींची बाजी', 'कोकण विभाग अव्वल'. मला पहिल्या मथळ्यातला शब्द पटत नाही. बाजी मारतात ती डाव कुठेही फिरू शकतो तिथे. मुलींचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं मुलांपेक्षा जास्त आहे. त्याला 'मुलींची आघाडी कायम' म्हणावं. बाजी मारण्यात आयत्या वेळची करामत असते, आघाडी टिकवण्यात सातत्य असतं, आणि या मुलींनी दाखवलं आहे ते सातत्य. 'अव्वल' मात्र बरोबर आहे. तो फक्त जागा सांगतो, कोणाला काही बोलत नाही.

चौथी पायरी : थोडक्याने पुढे, सव्वा पटीने पुढे

दोघं जवळजवळ सारखे असतात आणि एक किंचित पुढे असतो, अशी वेळ खऱ्या आयुष्यात सगळ्यांत जास्त येते. यासाठी 'काकणभर सरस' हा प्रयोग जवळ ठेवा. 'दोन्ही निबंध चांगले, पण तिचा काकणभर सरस.' यात दोघांचं कौतुक आहे, निर्णयही आहे. मोठ्या माणसांबद्दल, शिक्षकांबद्दल, कलाकारांबद्दल तुलना करणं भागच पडलं तर याहून सुरक्षित शब्द नाही. दोघांत काहीच फरक नसेल तर 'तोडीस तोड'. आणि नवखा माणूस जुन्या-जाणत्याच्या बरोबरीला आला असेल तर 'तसूभरही मागे नाही'. तसू हे लांबी मोजण्याचं जुनं, छोटं माप.

आता सवाई. पुण्यात राहायचं तर हा शब्द कळायलाच हवा. सवाई म्हणजे सव्वा पट. एक अख्खा आणि वर पाव. थोरल्या माधवराव पेशव्यांनंतर नारायणरावांच्या मुलाचं नावही माधवराव ठेवलं गेलं. १७७४ मध्ये जन्मलेले हे पेशवे 'सवाई माधवराव' म्हणून ओळखले जातात. किराणा घराण्याचे थोर गायक रामभाऊ कुंदगोळकर 'सवाई गंधर्व' झाले, म्हणजे गंधर्वाहूनही पाव हिस्सा वर. त्यांच्या निधनानंतर, १९५३ पासून, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. पुणेकर डिसेंबरात एकमेकांना 'यंदा सवाईला जाणार का?' एवढंच विचारतात. उपाधीचं झालं महोत्सवाचं नाव.

या शब्दाची गंमत अशी, की त्यात जुना माणूस खाली ढकलला जात नाही. 'बापापेक्षा बेटा सवाई' म्हणताना बाप अख्खा एक असतोच, बेटा त्यावर पाव भर घालतो. म्हणून गुरुशिष्य, आई-मुलगी, थोरला-धाकटा अशा नात्यांत हाच शब्द वापरावा. 'शिष्याने गुरूवर मात केली' हे मराठी मनाला बोचतं. 'शिष्य गुरूपेक्षा सवाई निघाला' हे ऐकून गुरूलाही बरं वाटतं.

तीच पाव भर वाढ 'शेरास सव्वाशेर' मध्ये आहे, पण सूर निराळा. शेर हे जुनं वजन. स्वतःला फार हुशार समजणाऱ्याला त्याच्याहून हुशार कोणी भेटला की ही म्हण वापरतात. म्हणजे इथे पहिल्याची खोड मोडलेली असते. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला मंडईत खमकी भाजीवाली भेटली, तर शेरास सव्वाशेर. अभिनंदनाच्या पत्रात मात्र ही म्हण नको.

पाचवी पायरी : पहिला आणि उत्तम यांत फरक करा

सरस म्हणजे इतरांहून चांगला. उत्तम म्हणजे स्वतःच्या बळावर चांगला. इतर कच्चे असतील तर साधा माणूसही सरस ठरतो, पण म्हणून तो उत्तम होत नाही. पुण्यातल्या महाविद्यालयीन रंगभूमीने हा फरक फार मोकळेपणाने मान्य केला आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात 'अरे, आवाज कुणाचा' या आरोळ्यांनी नाट्यगृह दणाणतं. २०२२ मध्ये परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नाही. स्पर्धेत कोणीतरी इतरांपेक्षा सरस असणारच, पण करंडकाला लागणारी उंची कोणी गाठली नाही असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर बरीच चर्चा झाली. निर्णय पटो न पटो, शब्दांचा फरक समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

या फरकासाठी दोन म्हणी आहेत. 'वासरांत लंगडी गाय शहाणी', म्हणजे बाकीचे अगदीच लहान म्हणून ही मोठी. आणि 'दगडापेक्षा वीट मऊ', म्हणजे दोन्ही कठीणच, त्यातल्या त्यात एक बरी. पहिली म्हण व्यक्तीबद्दल कधीही लिहू नका, ती लागते. दुसरी भाड्याचं घर किंवा गाडीची वेळ निवडताना खुशाल वापरा.

बक्षिसांची क्रियापदं इथेच सांगून टाकतो. बक्षीस 'पटकावतात', करंडकावर 'नाव कोरतात', सन्मानाचे 'मानकरी ठरतात'. माणसाला पटकावत नाहीत. आणि निकाल लिहिताना 'दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले' हा वर्तमानपत्री साचा सोडून द्या. ज्याने जिवापाड मेहनत करून दुसरा नंबर मिळवला, त्याने समाधान मानलं की आनंद मानला हे आपल्याला काय माहीत? 'दुसरा क्रमांक मिळवला' एवढं पुरे.

सहावी पायरी : मोठी स्तुती नकारातून करा

मराठीत सगळ्यांत वरची दाद बहुतेक वेळा 'नाही'ने संपते. परभाषिकांना हे सुरुवातीला विचित्र वाटतं, पण सवय झाली की सोडवत नाही. 'उकडीच्या मोदकांत मावशींचा हात कोणी धरणार नाही.' 'त्याच्या अक्षराला तोड नाही.' 'विकतच्या पुरणपोळीला घरच्या पोळीची सर नाही.' यांतली तुलना उघड्या जगाशी आहे. कोणा एकाला कमी लेखलेलं नाही, म्हणून ही दाद निर्धास्त देता येते. शेजारच्या आजोबांनी पेटी वाजवून दाखवली तर 'आजोबा, तुमचा हात कोण धरणार!' म्हणा. प्रश्नाच्या रूपातला हा नकार त्यांना मनापासून आवडेल.

याच घरातला एक शब्द मात्र धारदार आहे : पासंग. तराजूची दोन पारडी समान व्हावीत म्हणून हलक्या बाजूला लावायचं किरकोळ वजन म्हणजे पासंग. 'तो तिच्या पासंगालाही पुरणार नाही' म्हणजे त्याचं वजन त्या किरकोळ वजनाइतकंही नाही. 'नखाचीही सर नाही' हेही तसंच. हे प्रयोग वाचताना ओळखा, बोलताना आवरा.

लक्षात ठेवायचं ते इतकंच की हे प्रयोग सरळ होकारात वापरता येत नाहीत. 'मी तिचा हात धरला' याचा अर्थ फार वेगळा होतो.

सातवी पायरी : दुधारी शब्द ओळखा

वरचढ, वरचष्मा, कुरघोडी, कडी, वरताण. हे पाच शब्द पुढे जाणंच सांगतात, पण त्यांना वास असतो.

'वरचढ' खेळात निर्मळ आहे : 'दुसऱ्या सत्रात फिरकी गोलंदाज वरचढ ठरले.' घरात तोच शब्द फिरतो. 'त्याला वरचढ होऊ देऊ नकोस' असं आई मुलीला सांगते, तेव्हा विषय कौशल्याचा नसतो, दबावाचा असतो. 'वरचष्मा' म्हणजे सत्तेचं पारडं जड असणं. संस्था, पक्ष, भागीदारी यांबद्दल लिहिताना तो चालतो.

'कुरघोडी' मध्ये डाव असतो, आणि तो बहुधा आपल्याच माणसावर टाकलेला असतो. एकाच पक्षातले दोन गट, एकाच खात्यातले दोन अधिकारी. म्हणून सहकाऱ्याच्या चांगल्या कामाबद्दल 'तुम्ही सगळ्यांवर कुरघोडी केलीत' असं चुकूनही लिहू नका. तुम्हाला अभिनंदन म्हणायचं असेल, त्यांना आरोप ऐकू येईल. 'यंदा तुमचं काम सगळ्यांत उजवं झालं' हे लिहा.

'कडी' आणि 'वरताण' बहुतेकदा अवगुणांच्या शर्यतीत लागतात. 'उशिरा आला तो आला, त्यावर कडी म्हणजे आम्हालाच बोल लावले.' 'थोरला हट्टी, धाकटा त्याच्या वरताण.' इथे 'धाकटा सवाई' म्हटलं तर लाडिक होतं, 'वरताण' म्हटलं की कपाळाला हात लावल्यासारखं होतं. दोन्ही शब्द एकाच मुलाबद्दल, एकाच दिवशी घरात ऐकायला मिळतात.

कट्ट्यावरचे शब्द निराळे. नाटकातली मुलं 'त्याने समोरच्याला खाऊन टाकलं' म्हणतात, म्हणजे प्रसंगात तोच दिसत राहिला. 'तोडलंस!', 'एकच नंबर', 'विषय हार्ड' ही दाद देण्याची वाक्यं आहेत. त्यात जोश आहे, आणि समवयस्कांत ती शोभतात. सरांना किंवा मॅडमना 'तोडलंत' म्हणू नका.

आठवी पायरी : स्वतः पुढे गेलात तर

मराठीत स्वतःचं यश आपण बहुधा मिळवत नाही, ते आपल्याकडे येतं. 'माझा पहिला नंबर आला.' 'बक्षीस मिळालं.' 'यश आलं.' नीट बघा, यांत 'मी' कर्ता नाहीच. 'मी पहिला नंबर मिळवला' हे व्याकरणाने बरोबर आहे आणि बायोडेटामध्ये तेच लिहावं, तिथे संकोच नको. पण काकांनी विचारलं, 'काय रे, निकाल लागला का?' तर 'हो काका, पहिला आलो' किंवा 'पहिला नंबर आला' हे ओठांवर यावं. 'सगळ्यांना मागे टाकलं' हे तुम्ही बोलायचं वाक्य नाही. ते काका इतरांना सांगतील, अभिमानाने सांगतील.

आणि तुम्ही ज्याला हरवलं त्याच्याशी बोलताना 'फार कडवी लढत दिलीस' म्हणा. तो मोठा असेल तर 'दिलीत'. थोडक्यात हुकलेल्याला 'थोडक्यात राहिलं' म्हणतात. त्या वाक्यात दोष कोणाचाच नसतो.

सराव

उद्याच्या वर्तमानपत्राचं क्रीडापान घ्या. प्रत्येक मथळ्यातलं जिंकण्याचं क्रियापद अधोरेखित करा आणि मग बातमीतले आकडे वाचा. 'धुव्वा' छापलं असेल आणि फरक पाच धावांचा असेल, तर मथळा दुरुस्त करून वहीत लिहा. 'मात दिली' दिसलं तर 'मात केली' करा. आठवडाभर केलंत तर हात बसेल.

मग पुढच्या चार प्रसंगांसाठी एकेक वाक्य लिहा. सोसायटीच्या कॅरम स्पर्धेत आठवीतल्या मुलाने मागच्या वर्षीच्या विजेत्या आजोबांना अंतिम फेरीत हरवलं. तुमच्या ऑफिसातल्या दोन चमूंपैकी एकाचं काम मुदतीच्या तीन दिवस आधी झालं, दुसऱ्याचं वेळेवर. गणेशोत्सवातल्या दोन पथकांचं वादन सारखंच देखणं झालं, पण एकाचा ताशा किंचित अधिक खुलला. तुमची मैत्रीण कथ्थकच्या परीक्षेत तिच्या बाईंपेक्षाही जास्त गुणांनी उत्तीर्ण झाली, आणि बाई समोरच बसल्या आहेत.

लिहून झाल्यावर वाक्य मोठ्याने वाचा, आणि ते आजोबा, तो दुसरा चमू, ते दुसरं पथक आणि त्या बाई ऐकत आहेत असं समजा. जिथे अडखळाल तिथला शब्द बदला. पहिल्या प्रसंगासाठी माझी निवड : 'अटीतटीच्या अंतिम फेरीत आठवीतल्या नातवाच्या वयाच्या खेळाडूने गतविजेत्या आजोबांवर मात केली.' चौथ्यासाठी : 'बाई, तुमची शिष्या सवाई निघाली.' मधली दोन तुम्ही करा. शब्द वर दिलेलेच आहेत.